चष्म्याच्या दुकानातला आवाज

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. डोळे तपासायच्या खुर्चीत एक आजोबा ठाण मांडून बसले होते, फ्रेमच्या कपाटाला टेकून बायका उभ्या होत्या आणि ज्यांना आत शिरता आलं नाही ते फुटपाथवरून काचेला नाक लावून बघत होते. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांच्या नजरा काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर होत्या. त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्पीकरवर कोणीतरी फुलं वाहिली होती.

"हात लावू नका," तरंगमहाराज म्हणाले. "माऊसची वायर काढा. कीबोर्ड बाजूला. बघितलंत? आता हे यंत्र म्हणजे नुसता देह. आत्मा तरंगांवरून येईल. रेडिओचे तरंग दिसतात का कोणाला? नाही ना? मग आत्मा का दिसावा? फ्रिक्वेन्सी जुळली की बोलेल."

माना हलल्या. महाराज कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले, शाल गुडघ्यांवरून ओढून घेतली आणि मान खाली घातली. पंखा बंद होता. श्वास ऐकू येत होते.

आणि स्पीकरमधून माझे बाबा बोलले.

"बसा. गर्दी करू नका. प्रत्येकाला वेळ मिळेल."

बाबा गेले त्याला तेव्हा काही आठवडेच झाले होते. मी दाराशी उभी होते. माझ्या हातातली पिशवी खाली पडली. मी पुस्तकं तपासायचं काम करते, भुताखेतांच्या कथा ढिगाने वाचल्यात, त्यांच्यातल्या चुका काढल्यात. त्यातलं काहीही त्या क्षणी उपयोगी पडलं नाही. तो त्यांचाच आवाज होता. 'वेळ'मधला 'वे' किंचित लांबवायची त्यांची सवय होती, तीसुद्धा.

"चष्मेवाले, माझ्या मुलाच्या नोकरीचं काय?" खुर्चीतल्या आजोबांनी विचारलं.

थोडा वेळ शांतता. मग, "योग आहे. धीर धरा."

"अडचण कुठली आहे?"

"जवळच्याच माणसाची."

आजोबांनी वळून शेजारच्याकडे असं बघितलं, की तो बिचारा अर्धा पाऊल मागे सरकला. हयातीत बाबांच्या तोंडी 'योग' हा शब्द मी ऐकला नव्हता. ते नंबर सांगायचे. उणे दीड, अधिक दोन. पण हा विचार मला नंतर सुचला. तेव्हा मी आईकडे बघत होते. ती काउंटरला धरून उभी होती आणि तिचा चेहरा उजळला होता.

"अगं, ऐकलंस का," बाबांचा आवाज म्हणाला. "थेंब आता पुरे. महाराजांचं पाणी लाव डोळ्यांना."

"हो," आई म्हणाली.

आता मी वेगळ्या कारणाने घाबरले.

आईला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर जात राहते आणि गेलेली परत येत नाही. उपाय एकच, रोजचे थेंब. बाबा कितीही दमलेले असोत, तिला खुर्चीत बसवून, हनुवटी धरून स्वतः थेंब घालायचे. आणि आता त्यांच्याच आवाजात कोणीतरी तिला ते बंद करायला सांगत होतं. बाहेर टेबल मांडून मामा महाराजांच्या पाण्याच्या बाटल्या विकत होता.

गर्दी पांगल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. आमचं घर दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आहे.

"आई, थेंब किती दिवस घातले नाहीस?"

"तू लगेच तपासणीला बसू नकोस."

"बाबा असं सांगतील? बाबा?"

"पहिल्यांदा ते काय बोलले ठाऊक आहे? मी इथेच पुसत होते काउंटर. एकदम म्हणाले, 'अगं, थेंब घातलेस का?' अगदी रोजच्यासारखं. हे बाहेरच्या कोणाला माहीत असणार, सांग मला."

"मग तेच थेंब बंद कर कसं म्हणतील?"

"आता त्यांना तिथून आपल्यापेक्षा जास्त दिसत असेल," आई शांतपणे म्हणाली.

मी तोंड उघडलं, आणि पाठीमागून आवाज आला.

"चिमणे, आईशी वाद घालू नकोस."

दुकानात आम्ही दोघीच होतो. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. 'चिमणे' ही माझी घरातली हाक. मी खुर्ची धरली. आईने मात्र स्पीकरकडे बघून पदर सारखा केला, बाबा खोलीत आल्यावर करायची तसा.

मी आत जाऊन मामाला फोन लावला. "महाराज कुठे आहेत?"

"इथे माझ्याकडे. जेवायला बसलेत. का गं?"

"काही नाही."

त्या रात्री दोन खोल्यांच्या घरात मी दार लावून झोपले. आईच्याच घरात, आईला दाराबाहेर ठेवून, बाबांना घाबरून.

सकाळी उजेडात डोकं जरा ठिकाणावर आलं. हा आवाज अस्तित्वात कसा आला ते मला पुरतं ठाऊक होतं. घशाच्या कॅन्सरमुळे बाबांचं स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी 'आवाजसाथी' नावाच्या प्रोग्रॅममध्ये कितीतरी दुपारी वाक्यं वाचून ठेवली. नंतर ते टाइप करायचे आणि प्रोग्रॅम त्यांच्या आवाजात बोलायचा. म्हणजे आवाज यंत्रात होता. प्रश्न एवढाच होता, की आता टाइप कोण करतंय?

मामा बाटल्यांचं खोकं घेऊन आला तेव्हा मी त्यालाच विचारलं.

"तुला काय वाटतं, आम्ही खुळे आहोत?" तो म्हणाला. "कॉम्प्युटरवाल्याला बोलावून तपासून घेतलाय. व्हायरस नाही, चोरून टाकलेलं काही नाही. सगळे प्रोग्रॅम अस्सल, तुझ्या बाबांनीच घेतलेले. लिहून देतो म्हणाला."

"इंटरनेटची वायर काढली तर?"

"बोलणं बंद होतं. आम्ही करून बघितलंय. महाराज म्हणाले, वायर म्हणजे आत्म्याची वाट. वाट तोडलीत तर येईल कसा?"

मी चिडले. वायर काढून काही सिद्ध होत नव्हतं. महाराजांनी ती फट आधीच बुजवून ठेवली होती.

मी रस्त्यावर गेले आणि आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. ती माझं सगळं ऐकून हसली नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

"अस्सल प्रोग्रॅम म्हणजे मुका प्रोग्रॅम नव्हे," ती म्हणाली. "आपण ज्याच्यावर विश्वास टाकतो तोही बाहेर कोणाशीतरी बोलत असतो. कधी नवीन आवृत्ती आली का विचारायला, कधी आपलं काम जपून ठेवायला. व्हायरस शोधणारा त्याला हटकणार नाही, कारण तो चोर नाही. तू असं कर, कुठला प्रोग्रॅम बाहेर जातोय हे दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम आहे, तो टाक. आणि नुसती बघत बस."

आई आत झोपली होती तेव्हा मी तो टाकला. पडद्यावर यादी उमटली. एकेका प्रोग्रॅमचं नाव आणि पुढे आकडे, किती आत आलं, किती बाहेर गेलं. कोणी हात न लावताही त्यातले दोन-तीन मधूनच जागे व्हायचे आणि परत निजायचे. 'आवाजसाथी'चा आकडा मात्र सतत थोडा थोडा हलत होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा.

मी खोकले. आकडा उसळला.

मी हलायची थांबले. आकडा उतरला. काउंटरवर चष्म्याची एक डबी पडलेली होती, त्यातला माहितीचा कागद काढून मी मोठ्याने वाचायला लागले, "काच कोमट पाण्याने धुवावी, मऊ कापडाने पुसावी." आकडा सरसर चढत गेला. थांबले, खाली आला. पुन्हा वाचलं, पुन्हा चढला.

तो ऐकत होता. माझं बोलणं या खोलीतून बाहेर कुठेतरी चाललं होतं, आणि तिकडे कोणीतरी ते घेत होतं. भुताच्या भीतीला निदान एक वय असतं, ती लहानपणाची असते. ही भीती ताजी होती. आई दिवसभर या खोलीत एकटी बोलायची. बाबांशी. काय काय बोलली असेल?

पळून जावंसं वाटलं. त्याऐवजी मी खुर्ची ओढली आणि रिकाम्या दुकानाला म्हणाले, "बाबा, तुमची धाकटी बहीण आजारी आहे हो. तुमची फार आठवण काढते."

बाबांना बहीण नाही. ते एकुलते एक.

संध्याकाळच्या बैठकीत, आजोबांच्या मुलाचा योग पुन्हा एकदा सांगून झाल्यावर, आवाज म्हणाला, "माझ्या धाकट्या बहिणीला माझा आशीर्वाद कळवा. ती बरी होईल."

मी आईकडे बघितलं. तिच्या कपाळाला बारीक आठी पडली.

"त्यांना बहीण कुठे होती?" ती पुटपुटली.

"मानलेली असेल," मामा लगेच म्हणाला. "माणसाचं सगळंच बायकोला सांगितलेलं असतं का?" मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि आठी मोडली.

माझ्यापुरतं काम झालं होतं. इतरांपुरतं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी 'आवाजसाथी' उघडून मी त्याचं एकेक पान वाचलं. एका पानावर लिहिलं होतं, 'जोडलेली उपकरणे'. पहिलं, हा कॉम्प्युटर. दुसरं, बाबांचा फोन. त्याखाली बारीक अक्षरात, 'आज वापरला.'

मग सगळं जागेवर बसलं. शेवटच्या दिवसांत बाबा आतल्या खोलीत पडून असायचे आणि दुकान आई बघायची. ते पलंगावरून फोनवर टाइप करायचे आणि दुकानातला कॉम्प्युटर गिऱ्हाइकाशी त्यांच्या आवाजात बोलायचा. गिऱ्हाइक काय म्हणालं ते कॉम्प्युटरचा माइक ऐकायचा आणि लिहून त्यांच्या फोनवर धाडायचा. दोन खोल्यांमधला हा संवाद ऐन दुखण्यात त्यांना जिवंत ठेवत होता. त्यांची नेहमीची वाक्यं फोनमध्ये साठवलेली होती, एका बोटाने बोलता यावीत म्हणून. ती यादी इथेही दिसत होती. अगदी वर होतं, 'अगं, थेंब घातलेस का?', आणि बरंच खाली, 'चिमणे'.

आईशी बोलायचं तर घरात बोलायची सोय नव्हती, माइक सगळं ऐकत होता. मी तिला थेंबांवरून भांडून का होईना, डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी दाब मोजला, पुन्हा मोजला.

"थेंब थांबवलेत?" त्यांनी विचारलं. आईने होकारार्थी मान हलवली. "डावीकडून मी बोटं हलवतेय. किती?"

"हलवताय?" आई म्हणाली.

बाहेर बाकावर बसल्यावर मी हळूच विचारलं, "बाबांचा फोन कुठे आहे?"

"महाराजांकडे. शेवटी हातात असलेली वस्तू शुद्धीकरणाला द्यायची असते. माझ्यासमोर बंद केला त्यांनी, कापडात गुंडाळला."

"बंद केलेला फोन चालू करता येतो, आई."

तिला कळलं. कळल्याचं मी तिच्या बोटांवरून ओळखलं, ती पर्सचा बंद ओढत राहिली. मग ती म्हणाली, "एकदा गेलेत ते. तू परत घालवू नकोस."

मी तिचा हात धरला. खरं सांगायचं तर तो आवाज मलाही हवा होता. रोज संध्याकाळी मी दाराशी उभी राहायचे ती काय नुसती तपास करायला?

"आज फक्त ऐक," मी म्हणाले. "मग तू म्हणशील तसं."

त्या दुपारी मी प्रोग्रॅममध्ये एकच बदल केला. बाबांच्या आवाजाच्या जागी त्याच्यासोबत येणारा एक तयार आवाज निवडला, एका तरुण मुलीचा.

संध्याकाळी तीच गर्दी, तीच शाल, तेच तरंग. महाराजांनी मान खाली घातली. आणि स्पीकरमधून, नवीन साबणाची जाहिरात करावी तशा खणखणीत आनंदात, एक मुलगी म्हणाली:

"अगं, ऐकलंस का. मी आलोय."

मग काचेपलीकडून एक बाई म्हणाली, "अगंबाई! हे काय?"

महाराजांनी मान वर केली. क्षणभर, फक्त क्षणभर, ते आमच्यापैकी सगळ्यांत घाबरलेले होते.

"आत्म्याला स्त्री-पुरुष भेद नसतो," ते म्हणाले. "तो वरच्या पातळीवर गेलाय. तरंग सूक्ष्म झाले की आवाजही..."

"काल तर जाडा होता!" आजोबा म्हणाले.

"...कोवळा होतो."

मी काउंटरकडे गेले आणि माऊसची वायर उचलली.

"यंत्राला हात लावू नका!" महाराज उठले नाहीत, पण ओरडले. "आत्म्याला यातना होतील! आईच्या जिवाला धोका आहे!"

मामा माझ्या वाटेत आला. लोक कुजबुजायला लागले. एकाने माझा दंड धरला. मला वाटलं, संपलं. आता ही माणसं मला बाहेर काढतील, आई पाणी लावत राहील आणि अंधार कडेकडून आत येत राहील.

"लावू दे तिला," आई म्हणाली. "दुकान माझं आहे."

दंडावरचा हात सुटला. मी माऊस जोडला. 'जोडलेली उपकरणे' या पानावर दुसऱ्या नावापुढे एक बटण होतं, हरवलेला फोन सापडावा म्हणून दिलेलं. मी ते दाबलं.

महाराजांच्या शालीतून फोन वाजायला लागला.

"माझाच आहे," महाराज म्हणाले. "घरचा फोन आलाय."

मी बटण बंद केलं. वाजणं थांबलं. चालू केलं, वाजायला लागला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आजोबा हसायला लागले. मामा मात्र हसला नाही. तो सावकाश गेला, शालीचं टोक धरलं आणि उचललं. बाबांचा फोन महाराजांच्या मांडीवर होता. पडद्यावर अर्धवट टाइप केलेलं वाक्य होतं, 'मी आता सूक्ष्म'.

"माझ्या दाजींचा फोन," मामा म्हणाला.

मी सगळ्यांना सांगितलं. फोनवर टाइप केलेलं इथे कसं उमटतं, इथलं बोलणं फोनवर लिहून कसं जातं. बोलत असतानाच फोनवर माझी वाक्यं एकाखाली एक उमटत होती. मामाने फोन हातोहात फिरवला, ज्याने त्याने वाचून बघितलं.

"म्हणजे मी इथे बसून सुनेबद्दल जे बोलले ते?" कपाटाजवळच्या बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"तेही."

त्यांनी तोंडावर हात ठेवला. माझं उत्तरही फोनवर उमटलं: 'तेही.'

महाराज तोवर दाराशी पोचले होते, पण गर्दीने त्यांना वाट दिली नाही. पोलिसांना बोलावणारे तेच लोक होते, जे आदल्या दिवशी बाटल्यांसाठी रांगेत उभे होते. मला त्यांच्यावर हसावंसं वाटत नाही. कॉम्प्युटरवाला खोटं बोलला नव्हता. प्रोग्रॅम अस्सलच होता, त्याची कंपनी प्रामाणिक होती, दिलेलं काम प्रोग्रॅमने चोख केलं. पण अस्सल वस्तू कोणाच्या हातात आहे, हे तिच्या अस्सलपणावरून कळत नाही. आम्ही सगळ्यांनी एकाच प्रश्नाचं उत्तर घेतलं आणि दुसरा विचारलाच नाही.

दुकान रिकामं झालं तरी एक बाई तिथेच उभी राहिली. पलीकडच्या गल्लीत कपडे शिवतात त्या.

"ताई, माझ्या मुलाचा आवाज आहे माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "फोनवर पाठवलेले निरोप आहेत त्याचे. ते यात घालून... बोलेल का तो?"

"त्याचा आवाज बोलेल," मी म्हणाले. "तो नाही."

"खोटं तर खोटं. एकदा 'आई' म्हणू दे."

उत्तर आईने दिलं. ती काउंटरमागून आली आणि त्यांच्याशेजारी बसली, जरा डावीकडे मान वळवून, कारण त्या बाजूचं तिला आता वळल्याशिवाय दिसत नाही. पुढेही दिसणार नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या आहेत.

"तुम्ही ऐका ते निरोप," आई म्हणाली. "रोज ऐका. तो जे बोलला ते सगळं तुमचं आहे. पण जे तो बोलला नाही ते त्याच्या तोंडी घालू देऊ नका कोणाला. मी घालू दिलं. फार गोड लागतं हो."

दोघी कितीतरी वेळ बसून होत्या.

हे मी लिहिते आहे ते वाचणाऱ्यांना एक विनंती करण्यासाठी. यंत्र बोललं तर नमस्कार करू नका आणि घाबरून दारही लावून घेऊ नका. विचारा. हे शब्द कुठून निघाले? माझं बोलणं कुठे चाललंय? दुसऱ्या टोकाला कोण बसलंय? शोधायला फार विद्वत्ता लागत नाही. एखादी दुपार लागते, आणि भीती वाटत असतानाही खुर्ची ओढून बसणं लागतं. आपली माणसं गेल्यावर सगळं सोसतात, आठवणी, फोटो, आपलं रडणं. एकच गोष्ट त्यांना करता येत नाही. "हे मी म्हणालो नाही," असं सांगता येत नाही. ते त्यांच्या वतीने आपल्याला सांगावं लागतं.